गोजराचं गणित आणि मोराव्याचे पाहुणे

करावे गावात चंद्राचं कौतुक कोणालाच नव्हतं. तो उगवायचा, खाडीचं पाणी चढायचं, होड्या निघायच्या. रोज येणाऱ्या पाहुण्याला पाट कोण मांडतो? त्याच चंद्राचा अभ्यास करायला नामाची गोजरा मुंबईच्या कॉलेजात जाते, हे त्र्याऐंशी साली कळलं तेव्हा अख्खं गाव पोट धरून हसलं. बी.एस्सी.ला गणित, त्यात खगोलशास्त्र. शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं आणि गोजराचा सगळा जीव त्यात अडकला होता.

पण आत्या होती ना! बायजाबाई. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच नामाला लहानाचं मोठं केलं, म्हणून तिचा शब्द नामाने कधी मोडला नव्हता. तिने खाडीपलीकडचं, मोराव्याचं स्थळ आणलं. पोरगी पसंत पडली की माघात लग्न, पुस्तकं माळ्यावर. गोजराने बापाकडे पाहिलं. नामा जाळं विणत राहिला.

पाहुण्यांना होडीने आणायचं ठरलं. आत्याने टोमणा मारला, एवढी शिकलीस तर पाणी कधी चढेल तेवढं तरी सांग. नामा म्हणाला, सांगू दे, तिच्याच वेळेला जातो. झालं! गोजरा पेटली. येणार कोण आणि कशाला, हे विसरून बयेने तीन पानं चंद्राचं गणित मांडलं. उत्तर आलं, सकाळी आठला खाडीतल्या मधल्या चिखलावर कंबरभर पाणी.

आठला मधल्या चिखलावर होडी रुतली. मुलाचे वडील कडक इस्त्रीच्या लेंग्यात होडी ढकलायला उतरले आणि एका पायात चप्पल, एका पायात चिखल घेऊन वर आले. नवरामुलगा पेढ्यांचा पुडा डोक्यावर धरून पाऊण तास उन्हात बसला. काठावर गाव जमलं होतं, फुकटचा तमाशा कोण सोडतो! ही वेळ पोरीच्या गणिताची, हे नामाकडून कळलंच होतं; पाणी चढलं तेव्हा पाहुण्यांनी होडी उलटी फिरवायला लावली. आकाशात बघणारी सून आमच्या चुलीला नको, म्हणाले. आत्या चार दिवस कोणाशी बोलली नाही. घराला एवढी शांतता सोसेना.

गोजरा मात्र रडली. स्थळासाठी नाही हो, गणितासाठी! असलं गणित चुकत असेल तर कॉलेजात जायचं तरी कोणत्या तोंडाने? दोन दिवस वही उलटीपालटी केल्यावर चूक सापडली. ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, माझंच चुकलं. पुस्तकातली वेळ मुंबई बंदराची. तिथलं पाणी आपल्या खाडीत चढायला पाऊण तास जास्त लागतो, तो मी धरलाच नाही."

नामाने जाळ्यातून मान वर केली नाही. "मना ठाव व्हतं."

"मग निघालास कशाला?"

"बायजाला मी नाय कसा म्हनू?" नामाने गाठ दाताने ओढली. "चिखलानं म्हटलं."

गोजराला हसावं की रडावं कळेना. डोळे भरून आले, ती तिथेच त्याच्या शेजारी बसली.

"बसतीस काय?" नामा म्हणाला. "जा, तो पाऊन तास वहीत लिव. पुढल्या सालाला लागंल."