कवळीखालचा वास

जळगावात माझा दातांचा दवाखाना नुकताच सुरू झाला होता. दारूबंदीचे दिवस होते. औषधापुरतं स्पिरिटही परवान्याशिवाय ठेवता येत नसे, आणि माझ्याकडची बाटली परवान्याची नव्हती.

एका डाळ मिलच्या ट्रकवरचे ड्रायव्हर माझे पेशंट होते. शिंदखेड्याकडचे, पन्नाशीचे, मी त्यांना भाऊ म्हणायचो. मी बसवलेली वरची कवळी त्यांच्या हिरडीला घासून जखम झाली. "कापसाने हे औषध लावा आणि वरून कवळी चढवा," असं सांगून मी स्पिरिटात कालवलेल्या औषधाची कुपी दिली. औषध कवळीखाली अडकून राहील, तोंडाला वास येत राहील, हे मला कळायला हवं होतं.

धुळ्यात त्यांच्या ट्रकचा एका हातगाडीला धक्का लागला. पोलिसाला वास आला. तिथल्या सरकारी डॉक्टरांनी तोंड हुंगलं आणि दारूचा वास येतो असं लिहून दिलं. भाऊ कवळी काढून दाखवतो म्हणाले, ते कुणी ऐकलं नाही. रक्त तपासलंच नव्हतं, त्यामुळे पुढे खटला उभा राहिला नाही. पण मिलच्या शेठजींनी त्यांना घरी बसवलं.

भाऊ माझ्याकडे आले. "डॉक्टरसाहेब, मना तोंडना वास तुमनी दवाईना शे. शेठले एवढं सांगा. बठ्ठा लोके माले दारुड्या म्हणतस."

"सांगतो," मी म्हणालो.

दोन दिवसांनी शेठजींचे मुनीम स्वतःच विचारायला आले. "तुम्ही स्पिरिटचं औषध दिलं होतं का?"

बाटली मागच्या कपाटातच होती. "नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे तसलं काही नसतं."

मुनीम गेल्यावर मी ती बाटली मोरीत ओतली.

वर्षभराने दोंडाईच्याच्या स्टेशनात भाऊ मिरच्यांची पोती उचलताना दिसले. त्यांनीच आधी नमस्कार केला. वरचं तोंड बोळकं होतं. कवळी त्यांनी लावणंच सोडलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी शेठजींकडे जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, "बोलवा त्यांना."

निरोप घेऊन मी स्वतः गेलो. भाऊंनी ऐकून घेतलं, खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं.

"तवय काब्र बोलनात नही?" त्यांनी विचारलं.

तेव्हा का बोललो नाही, याला मला भीती वाटली होती, एवढंच उत्तर होतं. मी शेठजींचा निरोपच आणखी एकदा सांगितला. भाऊ मिलमध्ये परत गेले नाहीत, आणि मी त्यांना पुन्हा विचारायला गेलो नाही.