आईच्या खोलीतली दुसरी बाई

भूतबित मानणाऱ्यांतली मी नाही. सोसायटीत दाराला लिंबू-मिरची बांधायला माणूस येतो, त्याला मी उंबऱ्यावरूनच परत पाठवते. हे वाचून कुणी म्हणेल, बाईंची झोप पुरी होत नसेल... तर खरंच होत नव्हती. तरीही जे झालं ते झालं.

आम्ही नवीन पनवेलला राहतो, स्टेशनच्या पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षी आईला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी बेलापूरला नोकरीला, मिस्टर कंपनीत शिफ्टला आणि दादा, माझा एकुलता भाऊ, बडोद्याला. तो रोज व्हिडिओ कॉलवर सूचना द्यायचा. आईला उन्हात बसव, नारळपाणी दे, आणि कुठल्या नर्सिंग होमचं नावही काढू नकोस, लोक काय म्हणतील! फोन ठेवला की डायपर बदलायला मीच.

दिवसभरासाठी आया पुरवणाऱ्या ब्युरोकडून बाई घेतली. ब्युरोवाल्यांचं एक वाक्य मला पाठ झालं होतं — "ताई, निघालीय ती, रस्त्यात आहे." पहिली बाई आठवड्याच्या आत सोडून गेली. फोनवर म्हणाली की एका पेशंटवर दोघींना ठेवायचं होतं तर आधी सांगायचं. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या घराबद्दल बोलतेय. मग दुसऱ्या ब्युरोची हिंदी बोलणारी आली. तीही गेली, आणि कारण तेच — तुमच्याकडे आधीच आया आहे, मग मी काय करू? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, काम टाळायचं तर टाळा, पण निदान बहाणे तरी वेगवेगळे शोधा.

तिसरी सुगंधा, उरणकडच्या गावातली. धिप्पाड, कामाला वाघ. ही टिकणार असं वाटत होतं, तर एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा ती पिशवी भरून बसलेली. मी अक्षरशः हात जोडले. विचारलं, नक्की झालंय काय?

"ताई, आजी चांगल्या हायत, तुमीबी चांगल्या. पन ती दुसरी बाय मला हात लावू देत नाय. मी पेज गरम करून आनते, तवर तिचं भरवून झालेलं असतं."

"कोण दुसरी बाई? दिसते कशी?"

"पाठमोरी बसते. तोंड नाय बगितलं. तुमीच ठेवलीय ना?"

खाली वॉचमनला विचारलं, कॅमेरा बघितला. आमच्याकडे कुणी आलं-गेलं नव्हतं.

त्याच सुमारास डॉक्टर घरी तपासायला आले. आईच्या पाठीला झालेली जखम, बेडसोर, भरत आली होती. "कूस वेळेवर बदलताय, छान," ते म्हणाले. कूस बदलायला दोन माणसं लागायची, आणि ती दोन माणसं आमच्या घरात एका वेळी कधी नसायचीच.

सुगंधा गेल्यावर मी रजा टाकली. एका दुपारी आईला उताणी झोपवून बसले होते. गॅसवाला आला म्हणून उठले, सिलिंडर आत घेतला, दार लावलं. खोलीत परत आले तर आई डाव्या कुशीवर. गुडघ्यांमध्ये उशी, पाठीला पावडर. आणि केस — सकाळपासून विंचरायचे राहिले होते — त्यांची घट्ट वेणी घातलेली.

भीती वाटायला हवी होती ना? मला आला राग. इतक्या महिन्यांचा सगळा संताप पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर निघाला. मी मोठ्यानं म्हणाले, "कोण आहेस ते मला माहीत नाही. पण माझ्या बायका पळवतेस आणि रात्री मला एकटीला सोडतेस, हा कुठला न्याय? करायचं तर पूर्ण कर."

आई हसली. अर्ध्याच ओठांनी, पण हसली. स्ट्रोकनंतर पहिल्यांदा. मी तिथेच खाली बसून रडले.

रात्री कुणी आलं नाही, हेही सांगते. शेवटी माझीच कंबर धरली, मला उठता येईना, तेव्हा दादा चार दिवस येऊन राहिला. तिसऱ्याच दिवशी तोच म्हणाला, चल, होम बघून येऊ! माथेरान रस्त्याकडच्या एका शुश्रूषा केंद्रात आईला ठेवलं. स्वच्छ जागा, चोवीस तास नर्स. तिला सोडून निघताना पाय निघत नव्हता. घरी मी तिची खोली मुद्दाम रिकामी ठेवली, दुपारी दार ढकलून बघायचे. काही नाही. ना आवाज, ना सावली. वाटलं, संपलं.

मागच्या आठवड्यात केंद्राच्या मॅडमचा फोन आला. आवाजात चांगलीच चीड होती. म्हणाल्या, "तुम्ही आईंसाठी प्रायव्हेट बाई लावलीत, पण आम्हाला कळवलं नाहीत. आमच्या सिस्टर्सना ती काम करू देत नाही. बाहेरच्या माणसाला ओळखपत्राशिवाय आत घेत नाही आम्ही."

ती कोण, आईच्याच मागे का, आणि तिथवर कशी पोचली, मला आजही सांगता येत नाही. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, रजा घे आणि झोप.

मॅडमना मी एवढंच म्हणाले, "आमचीच आहे ती. येऊ दे तिला."