डाव्या पायाची सुट्टी

आमच्या घरात कुणाला कुठे जायचं निघालं की सगळे आधी वैनीच्या तोंडाकडे बघतात, पंचांग नंतर. वैनी म्हणजे विजयलक्ष्मी, माझ्या थोरल्या भावाची बायको. भावाचं नाव तुकोजी, मी त्याला अण्णा म्हणते. मी वाणी. मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, कुंभकोणमच्या याच घरात जन्मले आणि इथेच आहे. घरात आम्ही आमचं तंजावरी मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. गाडीत मात्र दोन्ही भाषांतून आमचं एकच बोलणं चालायचं, "वैनी, जरा हळू" नाहीतर "वैनी, जरा लौकर."

वैनी पापनाशमची. तिचे वडील तिथल्या भाताच्या गिरणीवर देखरेखीला होते. गिरणीची एक जुनी जीप होती आणि रिकाम्या आवारात ती जीप फिरवायला वैनी हौसेनं शिकली. ती अजून सांगते, तिसरा गिअर पहिल्यांदा नीट पडला त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं, इतका आनंद झाला होता. मग लग्न होऊन आमच्याकडे आली. आमच्याकडे वडिलांची अॅम्बॅसडर होती, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली. ती चालवायला व्यंकोबा नावाचा ड्रायव्हर होता, तो एक दिवस चेन्नईला पळाला. वडिलांना हृदयाच्या तपासणीसाठी तंजावरला न्यायचं होतं. अण्णा फोनवर दुसरा ड्रायव्हर शोधत होता तेवढ्यात वैनीनं खुंटीवरची किल्ली काढली, पदर खोचला आणि गाडी गल्लीबाहेर काढलीसुद्धा. अख्खी गल्ली दारात उभी राहून बघत होती.

वडिलांनी त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली, आमची सून गाडी चालवते. आमच्या घराण्यात कौतुक फार स्वस्त नव्हतं, त्यामुळे वैनी फुलून गेली. त्या कौतुकाबरोबर आपल्या गळ्यात काय पडलं हे तिला तेव्हा कळलं नाही. कुणाला तरी कळलं असतं तर बरं झालं असतं.

अण्णा गाडी शिकला नाही असं नाही. शिकला, एकदाच बाजारात घेऊन गेला, एका फुलवालीची टोपली चाकाखाली घातली, घरी येऊन स्मशानातून आल्यासारखे पाय धुतले आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यानंतर तो मागच्या सीटवर बसून तज्ज्ञ झाला. "दुसरा टाक, दुसरा," असं तो मागून सांगायचा, तोवर वैनीनं तिसरा टाकलेला असायचा. मला गाडी लागते म्हणून पुढची डावी सीट कायमची माझी. त्यामुळे वैनीचा डावा पाय मी जितका पाहिला आहे तितका तिनंही पाहिला नसेल.

कुंभकोणमच्या रस्त्यांवर गाडी चालवणं म्हणजे क्लच दाबून धरणं. बसस्टँडपासून महामहम तळ्यापर्यंत यायचं तर पहिला गिअर, अर्धा क्लच, ब्रेक, समोर ऑटो, पुन्हा पहिला. अर्ध्या क्लचवर पाय ना पूर्ण दाबता येतो ना सोडता येतो. तसाच अधांतरी धरून ठेवायचा. रविवारी राहुकाळात तिरुनागेश्वरमला राहूचा दुधाचा अभिषेक असतो, त्या दिवशी तर त्या रस्त्यावर माणसं गाडीच्या पुढे गाडीपेक्षा भरभर चालतात. आई होती तोवर तिला राहूचं फार. वैनी तिला देवळाच्या दारात सोडायची आणि परत घेईपर्यंत गाडी पुढे-मागे सरकवत राहायची, कारण लावायला जागा नसायची.

आई-वडील गेले, वैनीचा मुलगा अनंतकृष्ण शिकून बंगळूरला नोकरीला लागला, अॅम्बॅसडर जाऊन छोटी मारुती आली. वाटलं आता कमी होईल. कसलं काय. आमच्या भागात नवग्रहांची नऊ देवळं आहेत आणि आमचे नातेवाईक जिथे जिथे पांगले आहेत तिथून त्यांची ग्रहदशा अधूनमधून बिघडते. मग फोन येतो, आम्ही येतोय, नऊही ग्रह करायचे आहेत. भाड्याच्या गाडीनं करा म्हणायची सोय नाही, घरची गाडी असताना ते बरं दिसत नाही. पहाटे निघून नऊ देवळं. पुण्यात दिलेली आमची एक भाची नवऱ्याला घेऊन आली होती. तो वैनीला म्हणाला, "काकू, तुमची पुण्याई मोठी, वर्षातून किती वेळा नवग्रहदर्शन घडतं!" वैनी हसली. मला मात्र ते झोंबलं. नवांपैकी बहुतेक ग्रहांना वैनीनं झाडाखालूनच नमस्कार केला होता, एक डोळा आरशात ठेवून.

आणि सगळ्यांचं ठाम मत असं, की विजयलक्ष्मीला गाडीची फार आवड. वाढदिवसाला तिला सीटची कव्हरं आणायचे. एकदा तर डॅशबोर्डवर ठेवायचा पिल्लैयार, म्हणजे गणपती, आणला. तिनं तोही हसून घेतला.

गेल्या दोन-तीन वर्षांत डावा गुडघा बोलायला लागला. क्लच दाबताना ती खालचा ओठ दाताखाली धरायची. घरी आल्यावर गाडीतून उतरायला दाराचा आधार घ्यायची. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, दाखवू. पण दाखवायला जायचं म्हणजे तंजावरला जायचं आणि तंजावरला जायचं म्हणजे गाडी तिनंच चालवायची. शेवटी आम्ही दोघीच गेलो.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, गुडघा दाबून पाहिला आणि तमिळमध्ये साफ सांगितलं, "अम्मा, क्लचची गाडी आता बंद. पुन्हा क्लच दाबलात तर थेट ऑपरेशनवर येईल." मी घाबरून वैनीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी बघतच राहिले. शाळेत परीक्षा पुढे ढकलल्याचं सांगितलं की मुलींचे चेहरे व्हायचे तसा तिचा चेहरा झाला होता.

गाडी घरी तर न्यायलाच हवी होती. परत येताना तिनं पापनाशमला ती थांबवली. एरवी ती वाटेत कधी थांबत नाही. आम्ही हॉटेलात कॉफी मागवली. तिनं पितळी वाटी आणि पेल्यातून कॉफी खालीवर करून निववली, एक घोट घेतला आणि म्हणाली, "जालें हो वाणी. अत्तां गाडी विकून टाकूं. मी बसनं जाईन. खिडकीपाशीं बसेन आणि झोपेन. केव्हां पोंचणार म्हणून मज कोण्ही पुसणार नाहीं."

"अण्णाला सांगशील?"

"डॉक्टर नक्को म्हणाला, इतकें सांगेन. पुरे तितकें."

तिथेच चुकलं, पण ते तेव्हा मलाही समजलं नाही.

वैनीनं घरी सांगितलं, क्लच बंद. अण्णानं लगेच बंगळूरला फोन लावला. अनंता चांगला मुलगा आहे, आईवर त्याचा जीव आहे, आणि अडचण ऐकली की पाच मिनिटांत तोडगा काढायचा हा त्याचा नोकरीतला गुण घरीही चालतो. तो म्हणाला, "क्लच बंद ना? मग क्लच नसलेली गाडी घेऊं. ऑटोमॅटिक."

त्यानंतर आमच्या घरात जी चर्चा सुरू झाली ती काही संपेना. सकाळी इडलीबरोबर ऑटोमॅटिक, रात्री ताकभाताबरोबर ऑटोमॅटिक. अण्णा विरोधात. "गिअर नाहीं ती काय गाडी? चालवणाऱ्याचा तिजवर ताबा कोठें राहतो?" जन्मात धड चार गिअर न टाकलेला माणूस गिअरची बाजू इतकी पोटतिडकीनं मांडत होता की ऐकून मला हसावं की ताट आपटावं कळेना. अनंता फोनवरून समजावायचा, गर्दीत किती सोपी पडते, चढावर मागे येत नाही, पेट्रोल आता पूर्वीइतकं खात नाही. अण्णा म्हणायचा, बिघडली तर आमच्या मेकॅनिकला कळणार नाही. अनंता म्हणायचा, बिघडत नाही. मग अण्णा मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागला आणि आठवड्याभरात पक्ष बदलून ऑटोमॅटिकचा भक्त झाला. ज्या पायावरून हे चाललं होतं तो पाय स्टुलावर ठेवून वैनी शेंगा सोलत बसलेली असायची.

ती दोनदा बोलली. एकदा म्हणाली, "गाडी काशास? कोपऱ्यावर ऑटो उभे असतात." अनंताला वाटलं, आई काटकसर करते आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, "मज नवें शिकणें जमेल, न जमेल." अनंता हसला. "आई, यांत शिकण्यास कांहीं नाहींच!" ते खरंच होतं. वैनी पुन्हा शेंगा सोलू लागली. मी तिच्या वतीनं बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिनं डोळ्यांनी मला थांबवलं. गुडघा हे तिचं एकच निमित्त होतं, आणि घरातली माणसं ते प्रेमानं, मिळून, तिच्या हातातून काढून घेत होती.

गाडी आली. पांढरी, देखणी. अनंता पूजेसाठी एक दिवसाची रजा काढून आला, संध्याकाळी परतीची रेल्वे होती. आम्ही चौघं गाडी घेऊन तीन गल्ल्या पलीकडच्या पिल्लैयारच्या देवळापुढे गेलो. तेवढं अनंतानंच चालवलं. देवळाच्या गुरुक्कळांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, गाडीला हळदकुंकू लावलं, हार घातला, कापूर ओवाळला आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. आता मालकिणीनं बसून गाडी पुढे घ्यायची, लिंबं चिरडायची की दृष्ट गेली.

वैनी स्टिअरिंगवर बसली. नवी साडी नेसली होती. मी शेजारी, अण्णा मागे. अनंता तिच्या खिडकीत वाकला होता.

"आई, डावा पाय विसरून जा. त्यास अत्तां जन्माची सुट्टी. उजव्या पायानं ब्रेक दाबलास? हां, हा दांडा असा डी वर घे. अत्तां ब्रेक हळू सोड. गाडी आपोआप सरकेल, तुज कांहीं करणें नाहीं."

मागून अण्णा म्हणाला, "ह्या रविवारीं तिरुनागेश्वरम. पुढच्या महिन्यांत सुब्रह्मण्य मामा येतो म्हणालाय, त्यास नऊही देवळें करवूं. अत्तां काय, आणखी दहा वर्षें काळजी नाहीं!"

वैनीचा पाय ब्रेकवर होता. गुरुक्कळ घंटा वाजवत होते. ब्रेक सोडला असता तर गाडी खरंच आपोआप गेली असती. मी तिच्याकडे बघत होते. तिची मान ताठ होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज नव्हता. मग तिनं दांडा परत पार्कवर नेला, गाडी बंद केली, दार उघडून अनंताला बाजूला केलं आणि खाली उतरली.

"मज नक्को," ती म्हणाली.

"पाय दुखतो, आई? अग, यांत तो पाय..."

"पायामुळें नव्हे. गुडघा उद्यां बरा जाला तरी नक्को. मी दमलें, अनंता. सगळ्यांस नेऊन आणून दमलें. मज गाडीची आवड आहे म्हणतां तुम्ही. होती. केव्हांच सरली."

अण्णा मागच्या दाराच्या काचेतून बघत होता. अनंताचा चेहरा पडला. हातातली नव्या किल्लीची पिशवी चुरगाळत तो म्हणाला, "मग ही गाडी मी कोणासाठीं घेतली?"

वैनीनं रागावून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं अगदी हळू, त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपत सांगितलं.

"तुझ्यासाठीं, बाळा. मी चालवीत राहिलें म्हणजे तुज घरीं येणें पडत नाहीं."

अनंतानं मान खाली घातली. मला रडू आलं. रागही आला, त्याचा, अण्णाचा, आणि इतकी वर्षं पुढच्या सीटवर आरामात बसलेल्या माझाही. गुरुक्कळांना आमचं मराठी कळलं नव्हतं. ते तमिळमध्ये म्हणाले, राहुकाळ लागायला आला, कुणीतरी गाडी पुढे घ्या.

वैनीनं मागचं दार उघडलं. अण्णा सरकून पलीकडे गेला. ती बसली, पाय लांब केला, डोकं मागे टेकवलं. अनंता स्टिअरिंगवर बसला. चाकांखाली लिंबं फुटल्याचा बारीक आवाज झाला.

घर आलं. अण्णा उतरला, मी उतरले. वैनीच्या बाजूचं दार उघडलं नाही. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती, आणि झोपली नव्हती.

"अजून जरा चालव," ती म्हणाली.

अनंतानं एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग त्यानं मनगट खाली घेतलं.

"कोठें जाऊं, आई?"

"तें आज तूं पाहा," वैनी म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.