मावशी आत येणार

दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मी एकच गोष्ट पक्की ठरवली होती: या वेळी लेबर रूममध्ये एकटी पडून राहायचं नाही. पहिल्या वेळी मोठ्या हॉस्पिटलात आईला आणि नवऱ्याला दाराबाहेरच अडवलं. आत कळा सोसवेनात म्हणून मी ओरडले, तर तिथल्या बाईने मांडीवर चापट मारली. मुलगा झाला, घरचे पेढे वाटत सुटले. मला मात्र ती चापट काही विसरता येईना.

बोरीवलीला आमच्या शेजारी मालवणकडची एक मावशी राहायची. ती सुईण नव्हती. नाळ कापणं वगैरे तिला येत नव्हतं आणि तसं ती सांगायचीही. कळा देणाऱ्या बाईजवळ बसायचं, कंबर चोळायची, घोटघोट पाणी पाजायचं आणि हात सोडायचा नाही, एवढंच तिचं काम. घरी बाळंतपणं व्हायची तोवर तिला कोणी अडवलं नाही. बायका दवाखान्यात जाऊ लागल्या आणि ती दाराबाहेरच्या बाकड्यावर आली.

पिठाच्या गिरणीच्या वर एका डॉक्टरीणबाईंचं छोटं प्रसूतिगृह होतं. सातव्या महिन्यात मावशीला घेऊनच मी तिथे गेले आणि काय हवं ते सांगितलं.

"दाई चालणार नाही," त्या म्हणाल्या. "नोंदणी नसलेल्या बाईने इथे बाळंतपण केलं तर माझ्या प्रसूतिगृहाला टाळं लागेल."

"बाळंतपण तुम्हीच करा ना. ही फक्त माझा हात धरणार. हात धरायला कसली नोंदणी लागते, ते सांगा."

"कायदा असा काही नाही," त्या म्हणाल्या, "पण तशी पद्धतही नाही."

"मग पाडूया ना पद्धत," मी म्हटलं. नवरा म्हणतो, मी वकील व्हायची ती चुकून त्याच्या गळ्यात पडले.

त्या तयार झाल्या. मावशीने अंघोळ करून धुतलेलं पातळ नेसायचं, मध्ये बोलायचं नाही, आणि हातात काचेच्या बांगड्या नकोत. एखादी फुटली तर काच बाळाला लागायची.

बांगड्यांचं ऐकून मावशीचा चेहरा उतरला. तिचा नवरा जहाजावर खलाशी, महिनोन् महिने त्याची खबर नसायची. अशा सवाष्णीने आपल्या हाताने मनगटं रिकामी करायची? जिना उतरताना ती म्हणाली, "माका जमाचा नाय गो. ह्या सोडून काय पण सांग."

"मला तूच हवीस, मावशी," एवढंच मी म्हटलं. घरी येऊन मात्र रडले. डॉक्टरला पटवून आले आणि बांगड्यांपाशी गाडं अडलं, याचा मला संताप आला होता.

एका दुपारी कळा सुरू झाल्या. मावशी न बोलावता रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसली. अंगावर धुतलेलं पातळ, हातात हिरव्या बांगड्या तशाच. मला आत नेलं आणि ती दाराशी थांबली. पुढची कळ आली तशी मी तिला हाक मारली.

बेसिनचा नळ सुटल्याचा आवाज आला. मान वळवून पाहिलं तर मावशी मनगटाला साबण चोळत होती. एकेक बांगडी अख्खी उतरत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं. त्यांनी डब्यातून स्वच्छ गॉजची पट्टी काढली, दोन तुकडे फाडले आणि तिच्या दोन्ही मनगटांना बांधले.

"घ्या," त्या म्हणाल्या. "हात रिकामे नाहीत."

"भिया नको गो, मी आसंय," म्हणत मावशीने माझा हात धरला, तो मुलगी रडेपर्यंत सोडला नाही. बाहेर माझा नवरा ओंजळीत बांगड्या सांभाळत उभा होता.

मावशीचा नवरा सुखरूप परतला आणि पुढे दोघं कोकणात राहायला गेली. काही वर्षांनी आमच्या खालच्या मजल्यावरच्या पोरीला कळा लागल्या. तिला आई नव्हती, म्हणून तिला घेऊन मी त्याच प्रसूतिगृहात गेले. डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं की नाही, कोण जाणे. "हिच्याबरोबर आत कोण येणार?" त्यांनी स्वतःहूनच विचारलं.

मी बेसिनपाशी जाऊन साबण उचलला. शकुन-अपशकुन मानणारी बाई मी नव्हे. तरी पहिली बांगडी मनगटावरून उतरली तेव्हा ती मी पुन्हा चढवायला गेले, आणि मावशीने माझ्यासाठी काय केलं होतं ते तेव्हा कळलं. माझ्या पाठीमागे डॉक्टरीणबाई पट्टी फाडत होत्या.