मांजरासकट फोटो

वडील गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा धड एक फोटो सापडेना. सारी नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात झाली. कॅमेरा समोर आला की ते अंग चोरायचे. होते ते सगळे ओळखपत्राचे, ओठ घट्ट मिटलेले.

माझ्या मोबाइलमध्ये मात्र आमच्या मांजरीचे ढीगभर फोटो होते. तिला कशातही डोकं खुपसायची सवय होती. दळणाचा डबा, धुण्याची बादली, पाहुण्यांची पिशवी, काही म्हणून सोडायची नाही. मी हातातलं काम टाकून पटकन फोटो काढायचे, त्यामुळे निम्मे हललेले.

ते चाळताना एक सापडला. एका रविवारी वडील बदलापूर गावातल्या आमच्या अंगणात स्कूटर दुरुस्त करत बसले होते. मांजरीने उघड्या डिकीत उडी मारली आणि पुसायचं फडकं तोंडात धरून मान बाहेर काढली.

"अगं, आता तूच चालव!" असं म्हणत वडील खळखळून हसले. मी मांजरीचा फोटो काढला. मागे तेही आले होते. चष्मा कपाळावर, हात ऑइलने काळे.

आई आणि मी तो घेऊन उल्हासनगरला फ्रेम करायला गेलो. दुकानदार म्हणाला, "बिल्ली निकाल दूं क्या, मॅडम?"

"नको," आई म्हणाली. "तिच्यामुळेच हसलेत ते."

आता तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. पहिल्यांदा येणारे आधी बिचकतात, मग त्यांना हसू येतं. आईला ते चालतं.