वरवंट्याचं बारसं

माझा नवरा जड वस्तू टांगून पोट भरतो. दोहातल्या वेस्ट बेच्या ऑफिसात बसून, गॅस प्लांटमधले अवाढव्य पाइप छताला कुठे आणि कसे अडकवायचे याची गणितं तो करतो. तिथे शिडीला हात लावायचा तरी हेल्मेट आणि परमिट लागतं. घरी मात्र तो जेवणाच्या खुर्चीवर अनवाणी चढतो आणि खुर्ची डुगडुगली की माझ्यावरच ओरडतो, "नीट धर ना!"

लेकीच्या बारशासाठी सासूबाई नाशिकहून आल्या त्या पाळणा घेऊनच. सागवानी, पितळी कड्यांचा, सुटा करून दोन गाठोड्यांत बांधलेला. त्यांचा मुलगा याच पाळण्यात वाढला होता. शिवाय बॅगेत वरवंटा. बारशाला आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून फिरवतात, पाळण्यात ठेवतात, मग बाळाची पाळी. हे दोहाच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याला कोण समजावणार? त्याने दगडाकडे बोट दाखवताच सासूबाईंनी "बेबी, बेबी" म्हणत तो छातीशी धरून झुलवून दाखवला. त्याने त्यांना घाईघाईने जाऊ दिलं.

त्यांची एकच इच्छा होती, नातीला या पाळण्यात झुलताना बघून परत जायचं. रविवारचं तिकीट होतं. माझीही एकच इच्छा होती, लेकीने त्यातून पडू नये.

अल अझीझियातला आमचा फ्लॅट भाड्याचा, वर जिप्समचं फॉल्स सीलिंग. नवऱ्याने बोटाने टकटक केलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. "ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि भोक पाडून, त्यात स्क्रूची प्लास्टिकची गिट्टी ठोकून त्याने हुक पिळला.

"वरच्या खऱ्या स्लॅबपर्यंत जायला नको?" मी विचारलं.

"चार किलोचं पोर आहे गं, कंप्रेसर नाही."

"अगं, तो कंपनीचे पाइप टांगतो," सासूबाई म्हणाल्या. "पोटच्या पोरीचा पाळणा नाही टांगणार?"

मी ओली बाळंतीण. भांडायचं त्राण नव्हतं, आणि मायलेकांपुढे माझा टिकाव लागला नसता. पण भीती खरी होती. डोळे मिटले की तो हुकच दिसायचा. तेव्हा मी एकाएकी धार्मिक झाले. एरवी चतुर्थी कधी आली नि कधी गेली हे मला कळत नाही. "आई," मी म्हटलं, "सगळं साग्रसंगीत करू. आधी वरवंटा. गाणं पूर्ण होईपर्यंत त्यालाच झुलवू." त्यांना भरून आलं. मला थोडी लाज वाटली, अगदी थोडी.

बारसं शुक्रवारी. नणंदेला यायला जमलं नाही, म्हणून आत्याचा मान खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला दिला. ती मूळची रायगडची, जरीची ओढणी घेऊन मानाने पुढे बसली. वरवंट्याला कुंची घातली, तीट लावली, पाळणा हलला. पहिल्या कडव्याला वरून पांढरी भुकटी पडली. दुसऱ्याला छत करकरलं. तिसरं सुरूच झालं नाही. हुक, गिट्टी, टेबलाएवढा जिप्समचा तुकडा आणि पाळणा एकदम खाली आले. वरवंट्याने फरशीला तडा दिला आणि कुंचीसकट सोफ्याखाली गेला.

लेक माझ्या मांडीवर होती. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. नवरा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला होता, थोडा जिप्समने, थोडा आपोआप. मला त्याला खूप काही बोलायचं होतं, पण सासूबाईंनी नंबर आधी लावला.

"साइटवर असंच टांगतोस?"

"नाही. तिथे अँकर बोल्ट असतात. काँक्रीटमध्ये रुतून बसतात."

"मग ते कुठे आहेत?"

"गाडीत."

"गाडीत!" त्या म्हणाल्या, आणि पदराने नातीचं तोंड पुसत राहिल्या.

पाहुण्या घुगऱ्या खात बसल्या आणि नवऱ्याने रेशमी झब्ब्यावर हेल्मेट चढवलं. छताला पडलेल्या खिंडारातून खरा स्लॅब दिसतच होता. त्याने वायरी कुठून जातात ते तपासलं, स्लॅबमध्ये बोल्ट बसवले, त्यांवर लोखंडी प्लेट आणि बंद कडी लावली. पान्याने शेवटचा पीळ देऊन तो म्हणाला, "खलास."

"खलास कसलं?" शेजारीण म्हणाली. "भाऊ, यल्ला, चला, लटका आता!"

तो लटकला. बायकांनी दोन्ही बाजूंनी झोके दिले आणि अख्खं गाणं म्हटलं, एकही कडवं न गाळता. शेवटी शेजारणीने खुर्चीवर चढून त्याच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. काय नाव ते तिने अजून फोडलेलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. मी पोट धरून हसले. टाके दुखले तरी हसले.

मग लेकीला पाळण्यात ठेवलं. ती दोन झोक्यांत झोपली. छत गप्प होतं. सासूबाई एका हाताने दोरी ओढत गात होत्या, दुसरा हात कुठे दिसेना. मी आपला उगीच, कुणाचं लक्ष नाही असं बघून, पाळण्याखाली हात नेला.

तिथे त्यांचा तळवा आधीपासून उघडा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. फक्त हात थोडा सरकवून जागा दिली.