सूनबाईचा डेमो आणि बंद दार

सूनबाईला घरबसल्या मुलांना गणित शिकवायची नोकरी हवी होती. त्यासाठी आधी लॅपटॉपवर डेमो द्यायचा. पलीकडे थोडी मुलं आणि त्यांच्या मोठ्या बाई. पहिल्या ठिकाणचा डेमो आमच्या कुकरने खाल्ला. शिट्टी झाली, तिकडच्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे फारच आवाज आहे," आणि संपलं. सून त्या दिवशी जेवली नाही.

म्हणून या खेपेला बंदोबस्त मी हातात घेतला. गॅस पेटवलाच नाही. रेडिओचा प्लग काढला. मासेवालीला लांबूनच हाताने 'नको' केलं. आमच्या ह्यांना खोकला, त्यांना आतल्या खोलीत झोपवलं आणि सांगितलं, डेमो संपेपर्यंत खोकायचं नाही. मग दार लावून घेतलं.

आता घाटकोपरच्या आमच्या चाळीत दिवसा दार कोण लावतं? दार बंद, स्वयंपाकाचा वास नाही, रेडिओ गप्प, गॅलरीतली ह्यांची खुर्ची रिकामी. शेजारणीने काय समजायचं ते समजून घेतलं.

सून अपूर्णांकांवर आली आणि दार वाजलं. उघडते तर शेजारीण, डोळ्याला पदर, हातात पिठलं-भात. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी आणायचा असतो तो. मागे अख्खा मजला.

"कधी गेले गं वैनी?"

"कोण?"

"माझ्यापासून काय लपवतेस? कालच म्हणत होते, तुझ्या पिठल्यात मीठ कमी असतं." आणि तिने हंबरडा फोडला. मागच्या बायकांनी साथ दिली.

लॅपटॉपमधून बाई म्हणाल्या, "मॅडम, काही झालंय का? थांबायचं का?"

सुनेने मानही वळवली नाही. "नाही मॅडम. हां मुलांनो, छेद सारखे केल्याशिवाय बेरीज करायची नाही."

एवढ्यात हे उठून बाहेर आले. "कोण गेलं?"

"तुम्ही," शेजारीण म्हणाली.

"मला कुणी बोललं नाही," हे म्हणाले, आणि सकाळपासूनचा सगळा खोकला तिथेच खोकले.

संध्याकाळी फोन आला. बाई सुनेला म्हणाल्या, "एवढ्या रडारडीत तुम्ही बेरीज सोडली नाहीत. आमच्या मुलांच्या घरी यापेक्षा वेगळं काय असतं? सोमवारपासून वर्ग सुरू करा."

रात्री पिठलं-भातच जेवलो. मीठ कमीच होतं. पण आपल्याच सुतकाच्या जेवणाला नावं कशी ठेवायची, म्हणून हे गुपचूप दोनदा वाढून घेऊन जेवले.

आता सुनेचा वर्ग चालू असला की मी दार उघडं ठेवते. कुकरही लावते.